आवक माझी, जावकही माझी

बाबा, तुम्ही माझी पत्रं फोडत होतात. नुसती माझी नाही, हे मला मान्य आहे. घरात जे येईल ते तुम्ही फोडायचात. आईला मावशीचं पत्र येवो, धाकट्याला परीक्षेचं बोलावणं येवो, नाहीतर पोस्टमनच्या चुकीने शेजारच्यांचं पाकीट आपल्या दारात पडो. 'अरे, हे आपलं नाही' असं तुम्ही म्हणायचात, पण तेही अर्धं पत्र वाचून झाल्यावर. फॅक्टरीतून आलात की बूट काढायच्या आधी टपाल हातात. दाढीच्या जुन्या ब्लेडने पाकिटाची वरची कड कापायची, आतला कागद झटकून सरळ करायचा, आणि आईने चहा आणला की सगळ्यांना समोर बसवून मोठ्याने वाचायचं. जबलपूरच्या चेरीतालमधल्या आपल्या घराच्या समोरच्या खोलीत मी लहानाची मोठी झाले ती अशी, दुसऱ्याच्या तोंडून स्वतःची पत्रं ऐकत. मैत्रिणीने लग्न ठरल्याचं कळवलं तेही तुमच्या आवाजात, आणि तिने खाली लिहिलेलं 'हे फक्त तुलाच सांगते आहे' तेही तुमच्याच आवाजात.

तुमचा त्यात काही दोष आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. तुम्हाला तर नाहीच. तुम्ही फॅक्टरीत आवक-जावक सांभाळत होतात. बाहेरून येणारा प्रत्येक कागद, मग तो मोठ्या साहेबांच्या नावाचा असो की भट्टीवरच्या कामगाराच्या, आधी तुमच्या टेबलावर यायचा. तुम्ही तो फोडायचा, वाचायचा, शिक्का मारायचा, मग ज्याचा त्याला. आणि आलेल्या कागदाला त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे, हा तुमचा धर्म. फॅक्टरीत याचं कौतुक होत असेल, झालंही असेल. पण घर म्हणजे फॅक्टरी नव्हती आणि मी तुमच्या विभागात लागलेली नव्हते, हे तुम्हाला कुणी सांगायचं? आईने एकदा सांगून पाहिलं. 'अहो, पोरीच्या नावाचं आहे, तिला तर फोडू द्या.' तुम्ही म्हणालात, 'काहून? मी काय परका आहे?' यावर उत्तर नसतं. आपल्या माणसाच्या या प्रश्नाला कधीच उत्तर नसतं, म्हणून तर तो विचारला जातो.

एक गोष्ट मात्र आईने मला शिकवली. वाचता वाचता तुम्हाला नको असलेली ओळ आली की तुम्ही थांबायचात, चहाचा एक घोट घ्यायचात आणि पुढच्या ओळीवर जायचात. मावशीने तुमच्याबद्दल काही लिहिलं असलं की घोट. कुणी उसने मागितले की घोट. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघायची आणि नुसती भुवई उचलायची. तुम्ही वाचून झालेलं पत्र खिडकीजवळच्या तारेत खोचायचात. दुपारी आम्ही दोघी ते काढून घोट कुठे घेतला होता ती ओळ शोधायचो आणि हसायचो. तेव्हा हसायचो. हे सगळं गमतीचं होतं, जोवर ते माझ्यावर आलं नव्हतं.

नागपूरचं पत्र आठवतं का तुम्हाला? मला आठवतं. मी एम.ए. होऊन घरी बसले आहे, मुलींच्या एका शाळेला अर्ज केला आहे, आणि तुम्ही ब्लेडने पाकीट कापता आहात. माझे हात मांडीवर गच्च धरलेले. तुम्ही वाचता, 'आपली निवड झाली असून...' आणि धाकटा ओरडतो, 'दीदी लागली!' आई चहाचा कप तसाच धरून उभी. तुम्ही पुढे वाचता, पगार वाचता, रुजू व्हायचं वाचता. मग घोट घेता. मग कागदाची घडी घालता आणि म्हणता, 'सगळं ठीक आहे. पण राहील कुठे? एकटी पोरगी काय धर्मशाळेत राहील?' आई म्हणते, 'तिला तर विचारा.' तुम्ही म्हणता, 'तिला काय विचारून राहिली? तिला काय कळते? उत्तर आजच्या डाकेनं गेलं पाहिजे.' आणि तुम्ही तिथल्या तिथे पोस्टकार्ड काढून माझ्या नावाने, माझ्या वतीने, 'घरगुती अडचणीमुळे येणे शक्य नाही' असं लिहिलंत आणि पायात चपला घालून बडा फुहाऱ्याच्या चौकातल्या पेटीत टाकायला निघून गेलात. तुम्ही फाटकाबाहेर पडल्यावर मी तारेतून पत्र काढलं. जिथे घोट घेतला होता तिथे लिहिलं होतं: 'शिक्षिकांच्या निवासाची सोय शाळेच्या आवारातच आहे.'

एवढीच ओळ होती, बाबा. मी ती आईला दाखवली. आईने या वेळी भुवई उचलली नाही.

मी जबलपूरलाच नोकरी केली. संस्कृत शिकवलं, पोरींच्या पिढ्याच्या पिढ्या शिकवल्या, निवृत्त झाले. वाईट गेलं असं नाही म्हणत मी. पण जे गेलं ते मला विचारून गेलं नाही. तुम्ही गेलात त्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली, आणि पितृपक्षात धाकटा ग्वारीघाटावर नर्मदेत तुमच्या नावाने पाणी सोडून येतो तेव्हा मी घरी वडे तळते. तेव्हाही मनात हेच येतं, की यांना एकदा विचारायचं राहिलं. आज विचारायला बसले त्याला कारण घडलं आहे. तळपायाची आग मस्तकात गेली आहे माझ्या, आणि या वयात ती उतरायला वेळ लागतो.

धाकटा आता तुमच्यासारखा दिसतो. रेल्वेतून निवृत्त झाला. तुमची खुर्ची जिथे होती तिथे त्याचा कॉम्प्युटर आहे, आणि त्यात टपालाचा एक प्रोग्राम आहे. त्यात त्याने स्वतःचं ईमेल खातं टाकलं, बायकोचं टाकलं, आणि माझंही टाकलं. खातं त्यानेच काढून दिलेलं, पासवर्ड त्याचाच, फोन नंबर त्याचाच. 'सगळं एकाच ठिकाणी येते, दीदी. तुला काही पाहायची गरजच नाही.' खरंच नव्हती. विजेचं बिल, त्याच्या दोस्तांचे सुविचार, भावजयीच्या भिशीचा निरोप आणि माझी पत्रं, सगळं एका यादीत एकाखाली एक. चारच्या चहाला तो ते मोठ्याने वाचतो. बाप तसा बेटा. मोबाईलवर आलेलंही वाचतो. गॅस सिलेंडर निघाल्याचा मेसेज आला तरी सगळ्यांना ऐकवतो, जणू गॅस त्याच्याच कृपेने येऊन राहिला आहे.

निवृत्तीनंतर मी मुलांसाठी मराठी धडे लिहायला लागले. इथल्या आपल्या घरांतली पोरं मराठी समजतात, पण उत्तर हिंदीत देतात. 'पाणी दे गं' म्हटलं तर पाणी आणतात आणि म्हणतात, 'लो'. त्यांच्यासाठी त्यांच्याच गावातले धडे हवेत म्हणून मी घाटावरच्या नावाड्याचा लिहिला, फुलं विकणाऱ्या बाईचा लिहिला, फॅक्टरीच्या भोंग्याचा लिहिला. त्या भोंग्याच्या धड्यात तुम्ही आहात, चांगले आहात. इंदूरच्या एका संस्थेला ते धडे आवडले. त्यांनी लिहिलं, वर्षभर इथे येऊन राहा, महाराष्ट्राबाहेरच्या मुलांसाठी सगळी पुस्तकं आपण मिळून तयार करू. एवढं मला आज माहीत आहे. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण पत्र तुमच्या खुर्चीच्या जागी, धाकट्याच्या कॉम्प्युटरवर आलं होतं.

मला ते कळलं खोव्याच्या जिलबीबरोबर. धाकटा बडा फुहाऱ्याहून जिलबी घेऊन आला, माझ्या बशीत दोन ठेवल्या आणि म्हणाला, 'दीदी, ते इंदूरवाल्यांचं आलं होतं. बोलावून राहिले होते तुला, एक वर्षासाठी. मी लिहून टाकलं, गुडघे चालत नाहीत म्हणून. तू काही टेन्शन नको घेऊ.' मी विचारलं, 'कधी आलं?' म्हणाला, 'परवा. त्याच दिवशी उत्तर देऊन टाकलं मी.' त्याच दिवशी! मला वाटलं तुम्हीच मागे उभे राहून पाठ थोपटता आहात त्याची. भावजय म्हणाली, 'दीदी, तुमच्या भल्यासाठीच केलं ना त्यांनी.' या भल्याची मला आता चीड येते, बाबा. जन्मभर माझं भलं दुसऱ्यांनीच केलं. एकानेही करण्याआधी विचारलं नाही, की बाई, हे तुझं भलं आहे का? मी जिलबी खाल्ली नाही. एवढाच निषेध मला त्या वेळी सुचला, आणि तोही त्यांना साखर वाढल्याचं लक्षण वाटला.

धडे लिहायला मी एक लॅपटॉप घेतला आहे. ठरवलं, की यातच तो टपालाचा प्रोग्राम घालायचा आणि माझं खातं माझ्या खोलीत आणायचं. धाकट्याला विचारायचं नाही. मदतीचं पान उघडून मी कित्येकदा वाचलं, जसं पूर्वी व्याकरण वाचायची. प्रोग्रामने पहिलं विचारलं ते नाव: पत्र मिळणाऱ्याला कोणतं नाव दिसावं? तेव्हा मी समोरच्या खोलीत जाऊन धाकट्याच्या कॉम्प्युटरवर पाहिलं, त्याने तिथे काय लिहिलं होतं ते. 'दीदी' असं लिहिलं होतं. म्हणजे इंदूरच्या त्या परक्या, सभ्य लोकांना माझा नकार गेला तो 'दीदी'कडून गेला. मी माझ्या खोलीत परत आले आणि त्या चौकटीत माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. नंतर दोन पद्धती होत्या. एकीत टपाल मुळातल्या जागी राहतं आणि आपण फक्त पाहतो. दुसरीत ते तिथून ओढून आपल्या यंत्रात घ्यायचं आणि तिथलं पुसून टाकायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला दिसायला नको. दुसरी तुम्हाला आवडली असती. मी पहिली घेतली.

मग पासवर्ड. तो धाकट्याकडे. 'विसरलात का?' असं तिथे लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं तर एक कोड येतो, पण तोही धाकट्याच्याच फोनवर. आपल्याच घराची किल्ली मागायला भावापुढे हात पसरायचा? मी तसं करणार नव्हते. विचार करकरून डोकं शिणलं आणि मग एकदम लख्ख सुचलं. बाबा, मी चारच्या चहाची वाट पाहिली. भावजयीने कप नेलेले ऐकले, धाकट्याची खुर्ची सरकलेली ऐकली, आणि दाबलं. लगेच त्याचा फोन वाजला. आणि तुमच्या मुलाने, तुमच्या आवाजात, खणखणीत वाचायला सुरुवात केली: 'अरे, हे काय आलं? तुमचा कोड आहे चार, सात, शून्य, दोन, नऊ...' भावजय मध्येच म्हणाली, 'फ्रॉडवाले असतील, डिलीट करून टाका.' माझा शेवटचा आकडा हुकला. पण तो म्हणाला, 'रुक जा, पुन्हा वाचू दे,' आणि पुन्हा सगळा वाचला, अगदी 'हा कोड कुणालाही सांगू नका' इथपर्यंत. मी आत बसून टाकत होते. तोंडात पदर कोंबला होता मी, हसू दिसू नये म्हणून. की रडू, ते मला अजून कळलेलं नाही.

पासवर्ड बदलला, त्याचा नंबर काढला, माझा घातला. तेवढ्यात त्याने पुढचा मेसेजही वाचला: 'आपला पासवर्ड बदलला गेला आहे.' मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो माझ्या दारात आला. 'दीदी, तुझा मेल हॅक झाला!'

'झाला नाही. मी बदलला.'

'तू? काहून?'

'माझा आहे म्हणून.'

'अगं, मला सांगितलं असतं तर मीच करून दिलं असतं ना.'

'तेच तर,' मी म्हणाले. 'सगळं तूच करून देतो. उत्तरंसुद्धा.'

त्याला तेव्हा कळलं कशाबद्दल आहे ते. चेहरा उतरला. 'मी काय तुझं वाईट केलं? गुडघे दुखतात की नाही तुझे?'

'दुखतात. पण ते माझे आहेत. दुखले तर मी सांगेन त्यांना.'

दुखावला की तो हिंदीत जातो, लहानपणापासून. 'चलो, ठीक है. जो करना है करो,' म्हणाला आणि गेला. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? इंदूरचा तो नकार त्याने दुष्टपणाने दिला असता तर मला किती सोपं झालं असतं! तुमचंही तसंच. पण वाईट वाटलं म्हणून मी चुकले असं होत नाही, हे मला या वयात कळलं आणि फार उशिरा कळलं. राग गेला नाही. राग मी नीट घडी घालून जवळ ठेवला आणि कामाला लागले.

तर टपाल धडाधड यायला लागलं. इंदूरचं पत्र मी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी, मनातल्या मनात वाचलं. पण उत्तर जाईना! पाठव म्हटलं की एक चौकट यायची, सर्व्हर स्वीकारत नाही. येणारं येतं, जाणारं जात नाही. मी लॅपटॉपसमोर बसून मोठ्याने म्हणाले, 'हे तर मला नवीन नाही.' जन्मभर आवक चालू आणि जावक तुमच्या ताब्यात. शेवटी मदतीच्या पानावर सापडलं. पत्र पाठवतानासुद्धा आपण कोण आहोत ते सर्व्हरला वेगळं सांगावं लागतं, टपाल आणणाऱ्या सर्व्हरला सांगितलं ते पुरत नाही. तिथली खूण मी केलीच नव्हती. ती केली आणि लिहिलं: 'आपल्याला मिळालेले उत्तर माझे नव्हते. ते न विचारता दिले गेले. माझे गुडघे जिन्यावर दुखतात, लिहिताना दुखत नाहीत. जागा अजून रिकामी असेल तर मी येते.' आणि ते गेलं, बाबा. सूं असा बारीक आवाज झाला. मी खिडकीबाहेर पाहिलं, जणू काही दिसणार होतं.

उत्तराची वाट पाहताना जी धाकधूक झाली ती नागपूरच्या वेळीसुद्धा झाली नव्हती, कारण तेव्हा वाट पाहणारे तुम्ही होतात. जागा दिली असेल दुसऱ्याला, असं मी मनाशी दहा वेळा म्हटलं. मग उत्तर आलं. मी ते आधी एकटीने वाचलं, दार लावून. त्यानंतर बाहेर जाऊन भावजयीला म्हटलं, 'चहा टाक, सगळ्यांचा. मला एक वाचून दाखवायचं आहे.' धाकटा तोंड फुगवूनच होता, तरी येऊन बसला. मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मोठ्याने वाचलं. जागा माझ्यासाठी ठेवली आहे. नावाड्याचा धडा पहिल्या पुस्तकात घ्यायचा आहे. दिवाळीनंतर या. धाकटा ऐकता ऐकता मान हलवायला लागला, आणि शेवटी म्हणाला, 'अच्छा लिहिलं आहे त्यांनी. तुला स्टेशनवर सोडायला मी येईन. तेवढं तर करू देशील ना?' मी म्हटलं, 'विचारलंस ना, मग कर.'

हे सगळं मी त्याच प्रोग्राममध्ये लिहिते आहे. कुणाला, त्या रकान्यात काही लिहिता येत नाही. पत्ता नसला की तो पाठवत नाही, मसुदा म्हणून ठेवून घेतो. ठेवू दे. आता तिथे माझ्याशिवाय कुणी बघणार नाही, आणि तुम्हाला फोडता येणार नाही असं हे माझं पहिलंच पत्र. तुमच्यावरचा माझा राग यात सगळा आला आहे, एक कणही कमी करून लिहिलेला नाही, आणि तो मी मागेही घेत नाही.

फक्त एक सांगायचं राहिलं. इंदूरच्या पत्रात मधे एक ओळ होती: 'निवासाची खोली तिसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, तरी गुडघ्यांचा विचार करून कळवावे.' भावजयीने माझ्याकडे पाहिलं. तिने तुम्हाला वाचताना ऐकलेलं आहे. त्या ओळीला मी चहाचा घोट घेतला होता.